जुना मजकूर परत आणताना

डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग हे विकिपीडियाचे प्रोग्रॅमर सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर पडून असलेल्या जुन्या फायली चाळत होते. त्यांतल्या एका फायलीत त्यांना विकिपीडियाच्या संपूर्ण मजकुराच्या तीन प्रती सापडल्या. त्या २००१ सालच्या फेब्रुवारी, मार्च आणि ऑगस्ट महिन्यांतल्या होत्या. विकिपीडियावरचे अगदी सुरुवातीचे लेखन कायमचे गेले, असेच तोवर सगळे धरून चालले होते. पहिल्या वर्षी तो ज्या यूजमॉडविकी या सॉफ्टवेअरवर चालत होता, ते जागा वाचवण्यासाठी जुन्या आवृत्त्या काही काळाने पुसून टाकत असे. प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे हीच ज्याची जगभर ओळख, त्या ज्ञानकोशाच्या जन्माचीच नोंद हरवली होती. दहाव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी ती मिळाली, आणि तीही सॉफ्टवेअरच्या कृपेने नाही. कुणीतरी कधीतरी एक प्रत बाजूला काढून ठेवली होती, म्हणून मिळाली.

ब्लॉग लिहिणाऱ्याचा प्रश्न आकाराने लहान असतो, पण जात तीच. जुना लेख दुरुस्त करायला उघडला, मधले सहा परिच्छेद चुकून निवडले जाऊन उडाले आणि लक्षात यायच्या आत ‘अपडेट’ दाबले गेले. दोघांनी मिळून चालवलेल्या ब्लॉगवर एकाने दुसऱ्याचा परिच्छेद ‘सुधारला’. तावातावाने लिहिलेले सौम्य केले आणि महिन्याभराने वाटले की पहिलेच खरे होते. कागदावर खाडाखोड तरी उरते. पडद्यावरचे वाक्य मागमूस न ठेवता जाते. ते परत येईल की नाही, हे लेखकाने किती काळजी घेतली यापेक्षा त्याने कोणते सॉफ्टवेअर निवडले यावर जास्त अवलंबून असते, आणि निवड करताना ही बाब बहुतेक जण पाहतही नाहीत. रंगसंगती पाहतात, अक्षरांचा फाँट पाहतात. म्हणून या प्रश्नाची उत्तरे कशी घडत गेली आणि आज लिहिणाऱ्याच्या हाती नेमके काय आहे, हे एकदा नीट मांडायला हवे. माझे मत आधीच सांगतो. ‘रिस्टोअर’चे बटण दिले म्हणजे काम झाले असे होत नाही. जुने परत आणण्याची क्रिया इतिहासात भर घालणारी हवी, त्यातून काही वजा करणारी नको. आणि ‘लेख’ या शब्दात सॉफ्टवेअर काय काय धरते, हे लेखकाला माहीत हवे.

हा प्रश्न आधी प्रोग्रॅमरांनी सोडवला, कारण त्यांना दुसरा इलाज नव्हता. एकच प्रोग्रॅम अनेकांनी बदलायचा आणि काल चालत असलेला आज मोडला तर कालचा परत मिळायला हवा. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये यासाठी एससीसीएस ही पद्धत तयार केली. पुढे १९७६ मध्ये तिथल्याच डग्लस मॅकिलरॉय यांनी जेम्स हंट यांच्यासह ‘डिफ’ या प्रोग्रॅमची रीत मांडली. दोन मजकूर शेजारी ठेवून कोणत्या ओळी गेल्या आणि कोणत्या आल्या, हे तो कमीत कमी फरकात सांगतो. आज आपल्याला जुन्या आणि नव्या आवृत्त्या लाल-हिरव्या रंगांत शेजारी दिसतात, त्याच्या मुळाशी हेच काम आहे. १९८२ मध्ये वॉल्टर टिशी यांची आरसीएस ही पद्धत आली. तिच्यात एक शहाणपण होते. सर्वांत नवी प्रत अखंड ठेवायची आणि जुन्या प्रती तिच्यापासून उलट्या फरकांनी उभ्या करायच्या, कारण माणसाला दहांतल्या नऊ वेळा ताजीच प्रत लागते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये सुरू केलेल्या गिटने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यात प्रत्येक अवस्थेचे नाव मजकुरातूनच गणिताने काढलेले असते. एक वेलांटी बदलली तरी नाव बदलते, म्हणजे गुपचूप फेरफार करायला जागा उरत नाही.

गिटमध्ये मागे जाण्याचे दोन मार्ग आहेत, आणि या लेखाचा गाभा त्या दोहोंतल्या फरकात आहे. ‘रीसेट’ने आपण जुन्या जागी जातो आणि मधले टप्पे वाटेवरून निघून जातात. ‘रिव्हर्ट’ने मात्र चुकलेला बदल उलटवणारा एक नवा टप्पा जोडला जातो. चूक, तिची दुरुस्ती आणि ती का केली याची ओळ, तिन्ही जागेवर राहतात. एकट्याच्या कच्च्या कामात पहिला मार्ग चालतो. जे दुसऱ्यांनी वाचले आहे, ज्याच्यावर दुसरे काही उभे आहे, तिथे दुसराच वापरावा असा प्रोग्रॅमरांचा रिवाज आहे. प्रसिद्ध झालेला लेख या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

सामान्य माणसाच्या लिखाणात ही सोय आणली विकीने. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिले विकी सुरू केले, कुणीही यावे आणि बदलावे असे. अशी मोकळीक टिकण्याची अट एकच असते: बिघडवण्यापेक्षा निस्तरणे सोपे हवे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तिथे प्रत्येक पानावर ‘इतिहास पहा’ असा दुवा असतो. कुणी ‘उत्पात’ केला, म्हणजे मजकूर पुसला किंवा शिव्या लिहिल्या, तर राखण करणारा आदली आवृत्ती उघडतो आणि तीच पुन्हा जतन करतो. ती यादीत सर्वांत वर, नव्या तारखेसह बसते. उत्पाताची आवृत्ती तिच्या खाली तशीच राहते, कुणी केली आणि कधी केली यासह. एकामागून एक अनेक बदल उलटवायचे असतील तर ‘द्रुतमाघार’ आहे. हे सगळे काम स्वयंसेवक करतात आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. मराठीत चुकीचे लिहिणाऱ्यांपेक्षा चुकीचे लिहिलेले परतवणाऱ्यांची संख्या कमी आहे, हे माझे निरीक्षण आहे आणि माझी काळजीही.

पण विकीच्या या रचनेलाही २००५ मध्ये मोठा धक्का बसला. अमेरिकी पत्रकार जॉन साइगनथेलर यांच्यावरच्या लेखात कुणीतरी त्यांचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडणारा खोटा मजकूर घातला, आणि तो सुमारे चार महिने तसाच राहिला. शेवटी दुरुस्ती झाली, पण बदनामीचा मजकूर इतिहासाच्या यादीत एका क्लिकवर वाचता येत होता. मग त्या जुन्या आवृत्त्याच सर्वसाधारण वाचकांच्या नजरेआड कराव्या लागल्या. सगळे ठेवावे हे तत्त्व माणसाच्या इज्जतीशी टक्कर घेते तेव्हा काय करायचे, हा प्रश्न तिथून उभा राहिला. त्याकडे पुढे येतो.

ब्लॉगच्या जगात आज सर्वांत जास्त वापर वर्डप्रेसचा आहे, म्हणून तिथे जरा थांबू. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये वर्डप्रेस सुरू केले, पण जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय त्यात यायला पाच वर्षे लागली. जुलै २००८ च्या २.६ मध्ये ती आली, आणि तेव्हाच्या घोषणेत तिची ओळख विकीसारखी नोंद अशीच करून दिली होती. ऑगस्ट २०१३ च्या ३.६ मध्ये आज दिसणारी सरकपट्टी आली. ती डावी-उजवीकडे ओढली की आवृत्त्या एकामागून एक समोर येतात आणि गेलेले-आलेले रंगांत दिसते. त्याच वेळी आणखी दोन गोष्टी आल्या. एक लेख दोघांनी एकाच वेळी उघडला तर दुसऱ्याला सावध करणारे कुलूप आले, आणि जोडणी तुटली तरी मजकूर ब्राउझरमध्येच तात्पुरता राखण्याची सोय आली.

आतली रचना समजून घेतली की पुष्कळ गैरसमज गळून पडतात. आपण जाणूनबुजून ‘सेव्ह’ किंवा ‘अपडेट’ करतो आणि शीर्षक, मजकूर किंवा सारांश यांत काही बदल झालेला असतो, तेव्हा एक आवृत्ती तयार होते. ती लेखांच्याच तक्त्यात वेगळी ओळ म्हणून साठते, पूर्ण मजकुरासह. टिशींचे उलटे फरक इथे नाहीत, प्रत्येक वेळी अखंड प्रत असते. दर साठ सेकंदांनी होणारी आपोआप नोंद मात्र वेगळी. ती एका लेखकाची एका लेखासाठी एकच असते आणि पुढची आली की आधीची जाते. ‘ते आपोआप सेव्ह होत होते ना, मग दुपारचे कुठे गेले?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. दुपारी मुद्दाम सेव्ह केले नसेल तर दुपारची आवृत्ती कधी तयारच झाली नाही. लांब लेख लिहिताना मोठ्या बदलाआधी एकदा स्वतःच्या हाताने जतन करण्याची सवय म्हणूनच कामी येते.

‘ही आवृत्ती परत आणा’ असे म्हटल्यावर वर्डप्रेस जुना मजकूर चालू लेखावर आणून ठेवते आणि ही कृतीही यादीत नवी नोंद म्हणून लिहिते. म्हणजे भर घालणारा, योग्य मार्ग. चुकून भलतीच आवृत्ती आणली तर तिच्यावरूनही परत फिरता येते. मात्र एक सावधगिरी हवी. लेख प्रसिद्ध झालेला असेल तर परत आणलेला मजकूर त्याच क्षणी वाचकांसमोर जातो, मध्ये पूर्वावलोकनाचा थांबा नाही. जुन्यातला एखादाच परिच्छेद हवा असेल, तर सगळी आवृत्ती परत आणण्यापेक्षा ती नुसती उघडून तेवढा भाग उचलून घेणे केव्हाही बरे.

आता आवृत्तीत काय येत नाही ते पाहा. वर्ग आणि टॅग येत नाहीत. लेखाच्या डोक्यावर लावलेले मुख्य चित्र येत नाही. मजकुरातल्या छायाचित्राचा फक्त पत्ता नोंदला जातो. त्या पत्त्यावरची फाइल बदलली किंवा काढून टाकली, तर जुनी आवृत्ती परत आणूनही तिथे नवे चित्र किंवा रिकामी चौकट दिसेल. जादा माहितीच्या रकान्यांचा मागोवा ठेवण्याची सोय २०२३ च्या ६.४ मध्ये आली, पण ती प्रोग्रॅमरने मुद्दाम जोडून घ्यावी लागते. एखाद्याने पाककृतींचा ब्लॉग चालवताना साहित्य आणि प्रमाण स्वतंत्र रकान्यांत ठेवले असेल, तर कृतीच्या जुन्या शब्दांसोबत जुने प्रमाण परत येईलच असे नाही. पुरणाची जुनी कृती आणि गुळाचे नवे माप असा लेख तयार होईल, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी त्यात काहीही चुकलेले नसेल.

वाचकांच्या प्रतिक्रियांचे काय होते, याची चर्चा जवळजवळ होत नाही. लेखाच्या आवृत्त्या बदलतात आणि खालच्या प्रतिक्रिया जागच्या जागी राहतात. कुणी तिसऱ्या परिच्छेदातल्या एका विधानावर कळकळीने चार ओळी लिहिल्या असतील आणि लेखकाने ते विधान काढले असेल, तर ती व्यक्ती हवेत बोलल्यासारखी दिसते. कोणती प्रतिक्रिया कोणत्या आवृत्तीवर आली, हे दाखवणारे कोणतेही लोकप्रिय ब्लॉग-सॉफ्टवेअर माझ्या पाहण्यात नाही. दोन्हींच्या वेळा नोंदलेल्या असतात, म्हणजे ते दाखवणे अवघड नाही. मला ही मोठी उणीव वाटते, कारण ब्लॉगवर लेख आणि त्याखालचा संवाद मिळूनच लेखन पुरे होते.

विकिपीडियातही असे एक छिद्र आहे. पानाची २००९ ची आवृत्ती उघडली तरी तिच्यातले साचे (म्हणजे अनेक पानांवर वापरले जाणारे तयार तुकडे) आणि चित्रे आजची दिसतात. जुन्या शब्दांभोवती नवी चौकट येते, आणि वाचणाऱ्याला वाटते की तेव्हा पान असेच होते.

वर्डप्रेसबाबत एक सल्ला सर्रास दिला जातो: आवृत्त्या बंद करा, साइट वेगवान होईल. मूळ मांडणीत आवृत्त्यांना मर्यादा नाही. रचनेच्या फायलीत एका ओळीने ती घालता येते किंवा सोय पूर्ण बंदही करता येते. पण हिशेब करून पाहू. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. दोन हजार शब्दांचा मराठी लेख ढोबळमानाने चाळीस किलोबाइटच्या आसपास बसतो. त्याच्या पन्नास आवृत्त्या ठेवल्या तरी दोन मेगाबाइट होतात, म्हणजे फोनने काढलेल्या एका छायाचित्राएवढ्या. वाचक पान उघडतो तेव्हा या ओळी वाचल्याही जात नाहीत. हजारो पानांच्या, रोज अनेकांचे हात लागणाऱ्या साइटवर मर्यादा घालणे समजू शकते, आणि तिथेही वीस-तीस आवृत्त्या ठेवाव्यात. आठवड्याला एक लेख लिहिणाऱ्याने वेगासाठी आवृत्त्या बंद करणे हे निव्वळ नुकसान आहे. मर्यादा घातल्यावर आधी जाते ती सर्वांत जुनी आवृत्ती, म्हणजे मूळ खर्डा. लेखकाला पुढे कधी पाहावासा वाटेल तो नेमका तोच.

इतर ठिकाणांचा आढावा थोडक्यात. गूगलने २००३ मध्ये घेतलेल्या ब्लॉगरवर, जिथे मराठी ब्लॉगलेखनाची पहिली मोठी लाट आली, प्रसिद्ध लेखाच्या जुन्या आवृत्त्यांची अशी यादी मिळत नाही. अपडेट केले की आधीचे गेले. पंधरा-वीस वर्षांचे मराठी लिखाण आज अशा जागी आहे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. गूगल डॉक्समध्ये याच कंपनीने उलट टोक गाठले आहे. तिथे कोण काय टंकत होते हे बारकाईने पाहता येते, हव्या त्या आवृत्तीला नाव देता येते, मात्र जागा वाचवण्यासाठी जवळजवळच्या आवृत्त्या पुढे एकत्र केल्या जाऊ शकतात. फेसबुकवर संपादित पोस्टचा इतिहास वाचणाऱ्यालाही उघडून पाहता येतो, पण तो केवळ पाहण्यासाठी. ब्लॉगरवर लिहिणाऱ्याने मूळ लेखन डॉक्समध्ये किंवा साध्या फायलीत करावे आणि ब्लॉगवर तयार प्रत चढवावी, हा आजचा त्यातल्या त्यात चांगला उपाय आहे.

मराठीत या सगळ्याला एक जादा पदर आहे. फरक दाखवणारे प्रोग्रॅम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडले. शब्द कुठे संपतो हे ठरवण्याचा त्यांतल्या पुष्कळांचा नियम काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही, म्हणून रंग शब्दाच्या मधोमध तुटतो आणि ‘किती’चे ‘कीती’ झालेले ओळखायला डोळे ताणावे लागतात. दुसरी अडचण त्याहून बारीक आहे. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन तेच लिहीत, आणि काही कळफलक अजूनही तसेच उमटवतात. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या र-चेही दोन मार्ग आहेत. परिणाम असा होतो की एकाने फोनवर आणि दुसऱ्याने संगणकावर तेच वाक्य पुन्हा टंकले, तर तुलनेच्या पानावर बदल दिसतो आणि वाचणाऱ्याला काही केल्या तो सापडत नाही. यावर उपाय आहे: तुलना करण्याआधी दोन्ही मजकूर एका साच्यात आणायचे. सामान्य लेखकाने हे करावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही. मराठीसाठी काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांनी हे हाती घ्यावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आणि डेटाबेसचे जुने दुखणे आहेच. वर्डप्रेसच्या सुरुवातीच्या काळात अनेक साइटवर देवनागरी मजकूर लॅटिन संकेतनाच्या तक्त्यात साठला गेला. २००७ च्या २.२ मध्ये संकेतन ठरवण्याची सोय आली, आणि तक्ते चुकीच्या पद्धतीने हलवले गेले तेव्हा पानेच्या पाने निरर्थक चिन्हांनी भरली. अशा वेळी जुन्या आवृत्त्या मदतीला येत नाहीत, कारण त्याही त्याच तक्त्यात असतात आणि सोबतच बिघडतात. मोडी लिपीचा अनुभव असाच. ती २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, पण तिची अक्षरे चार बाइटची, आणि एप्रिल २०१५ च्या ४.२ पर्यंत वर्डप्रेसचे नेहमीचे तक्ते तीनच बाइट धरत. लेखात मोडीचे पहिले अक्षर आले की तिथून पुढचा मजकूर कापला जाण्याचा धोका होता. आवृत्त्यांची यादी आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणांवरून ध्यानात यावे. यादी आपल्या हातच्या चुकीपासून वाचवते. सर्व्हर बसला, खाते बंद झाले किंवा तक्ता बिघडला, तर तिचा उपयोग नाही.

स्वतःजवळ काहीच उरले नसेल तर बाहेर शोधावे लागते. ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या इंटरनेट अर्काइव्हचे वेबॅक मशीन ऑक्टोबर २००१ पासून सर्वांसाठी खुले आहे. आपल्या ब्लॉगचा पत्ता तिथे घातला की ज्या तारखांना पान टिपले गेले त्या दिसतात. प्रसिद्ध वृत्तपत्राच्या पानाच्या शेकडो नोंदी मिळतील, एका साध्या मराठी ब्लॉगच्या दोन-चार मिळाल्या तरी नशीब. मधल्या काळात लेख तीनदा बदलला असेल तर ते तिथे कळणार नाही. एकाच पानातला मजकूर आणि चित्रे वेगवेगळ्या दिवशी टिपलेली असू शकतात, हेही लक्षात ठेवावे. युनिकोडपूर्व काळातल्या मराठी संकेतस्थळांची अवस्था आणखी बिकट आहे. त्यांनी स्वतःचे फाँट वापरले होते. पान जपले गेले, फाँट गेला, आणि उरली ती रोमन चिन्हांची रास. तो फाँट कोणता होता हे माहीत असेल तर रूपांतर करून मजकूर अजूनही वाचता येतो. गूगलच्या शोधात पानाची साठवलेली प्रत दिसत असे, तीही सोय २०२४ मध्ये गेली. म्हणून महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केल्यावर वेबॅक मशीनवर तो आपणच नोंदवून ठेवावा. पत्ता घालून एक बटण दाबायचे असते.

कोणती आवृत्ती परत आणायची, हा प्रश्न तंत्राचा नाही, संपादनाचा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्या पश्चात इतर संपादकांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. हस्तलिखितांची तुलना करून जुन्यात जुना पाठ वर घेतला आणि बाकीचे पाठभेद त्याच पानाच्या तळाशी छापले. निवड केली आणि निवडीचा पुरावाही वाचकापुढे ठेवला. ब्लॉगलेखकाकडून एवढ्या कष्टांची अपेक्षा नाही. पण प्रसिद्ध लेखात आशय बदलणारी दुरुस्ती केली, किंवा काढलेला मजकूर परत आणला, तर लेखाखाली तारीख घालून दोन ओळी लिहायला वेळ लागत नाही. वर्डप्रेसची आवृत्त्यांची यादी फक्त संपादन करू शकणाऱ्यांना दिसते. वाचकाला जे कळेल ते त्या दोन ओळींतून. शुद्धलेखनाच्या दुरुस्तीला अशी टीप नको. विधान, आकडा, नाव किंवा आरोप बदलला तर हवीच.

आणि कच्चे खर्डे? ते लेखकाचे खासगी आहेत, असे मला वाटते. प्रसिद्धीआधीची प्रत्येक चाचपड वाचकांपुढे मांडण्याचे बंधन कुणावर असू नये. विकिपीडियावर ती मांडली जाते, कारण तिथे लेख सामाईक असतो आणि कोणी काय लिहिले याची नोंद परवान्याची अट पुरी करण्यासाठीही लागते.

उलट दिशेचा प्रश्न जास्त गंभीर आहे: काही गोष्टी खरोखरच पुसल्या जायला हव्यात. लेखात अनवधानाने कुणाचा फोन क्रमांक किंवा आजाराचा उल्लेख गेला आणि नंतर काढला, तरी तो जुन्या आवृत्तीत शिल्लक राहतो. पुढे कुणी ती परत आणली तर तो उल्लेख पुन्हा जाहीर होतो. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने २०२३ मध्ये आपली माहिती दुरुस्त करून व पुसून घेण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला आहे. कायदा प्रत्येक ब्लॉगला लागू होईलच असे नाही, पण सभ्यपणा लागू होतो. युरोपच्या न्यायालयाने मे २०१४ मध्ये गूगलविरुद्धच्या स्पॅनिश खटल्यात एक वाट दाखवली. एका माणसाच्या जुन्या कर्जवसुलीच्या जाहिराती त्याच्या नावाच्या शोधातून काढायला सांगितल्या, आणि वृत्तपत्राच्या १९९८ च्या संग्रहात मात्र त्या राहिल्या. संग्रह राखावा, पण तो प्रत्येकाच्या तोंडावर आदळू नये, अशी ती विभागणी होती. विकीवर आता प्रचालक एखादीच आवृत्ती झाकू शकतात आणि झाकल्याची नोंद राहते. वर्डप्रेसच्या पडद्यावर एखादी आवृत्ती वेचून काढण्याची सरळ सोय नाही. त्यासाठी डेटाबेसमध्ये हात घालावा लागतो किंवा प्लगइन घ्यावे लागते. हे बदलायला हवे.

शेवटी स्थलांतराचा मुद्दा, ज्यात सर्वांत जास्त जुना मजकूर नकळत हरवतो. ब्लॉग एका जागेवरून दुसरीकडे हलवताना बहुतेक जण वर्डप्रेसची निर्यात फाइल काढतात. तिच्यात लेख, पाने, प्रतिक्रिया, टॅग सगळे असते, पण जुन्या आवृत्त्या नसतात. त्या निर्यातीतून वगळण्याचे मूळ रचनेतच ठरवलेले आहे. नव्या जागी सगळे लेख व्यवस्थित दिसतात, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. काही महिन्यांनी सरकपट्टी शोधायला जावे तर यादी नव्या जागेच्या पहिल्या दुरुस्तीपासून सुरू होते. कचऱ्यात टाकलेले लेखही तीस दिवसांनी आपोआप कायमचे जातात, आणि लेखाबरोबर त्याच्या सगळ्या आवृत्त्या जातात. त्यामुळे स्वतःच्या होस्टिंगवर असाल तर हलवण्याआधी पूर्ण डेटाबेसची प्रत आणि चित्रांचे फोल्डर अशा दोन्ही गोष्टी घ्या. ती प्रत घेतल्यावर दुसऱ्या संगणकावर किंवा चाचणीच्या जागी एकदा उभी करून पाहा. बरेच बदल झालेला एखादा जुना लेख उघडा, त्याची यादी पहिल्या आवृत्तीपर्यंत जाते का, देवनागरी नीट उमटते का आणि चित्रे जागेवर आहेत का, हे तपासा, आणि मगच जुन्या होस्टिंगचे खाते बंद करा.